हळकुंड मोडून दाखवा: परदेशी गिऱ्हाइकाला लिलावात घड्याळ विकताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी आधी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. आतला रंग बघतो, बोटांवर चोळतो, मग बोली लावतो. ऑनलाइन लिलावात हेच होत नाही. मँचेस्टरला बसलेला माणूस तुमच्या पोत्यात हात घालू शकत नाही. ते हळकुंड त्याच्यासाठी तुम्हालाच मोडून दाखवावं लागतं. जिथे कीड आहे, तिथूनच.

आमच्या अण्णांचं गणपती पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. मोबाइल आले, लोकांनी मनगटं मोकळी केली, आणि अण्णांनी दुकानाचा गाळा सोडून काउंटर घरच्या पडवीत आणला. सोबत आले सहा ड्रॉवर. त्यात गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेली, भंगारवाल्याकडून घेतलेली, सुट्ट्या भागांसाठी ठेवलेली घड्याळं होती. मी ती ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विकायला लागले त्याला आता सात वर्षं झाली. अण्णा डोळ्याला आयग्लास लावून मशीन खोलतात; फोटो, लिखाण, कागदपत्रं आणि टपाल माझ्याकडे. नव्याने सुरुवात करणारे मला फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

पहिला गैरसमज: 'ईबे भारतात बंद झालं ना?' बंद झाली ती ईबेची भारतातल्या भारतातली विक्री. ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन इथे बस्तान बसवलं होतं. २०१७ मध्ये तो धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये साइट बंद झाली. भारतातून बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकणं मात्र चालू राहिलं. म्हणजे तुमचं घड्याळ शेजारच्या मिरजेत नाही विकलं जाणार, पण मेलबर्नला जाईल.

काय विकायचं, आणि काय मुळीच नाही

माझा माल मुख्यतः एचएमटी. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळुरूला कारखाना सुरू झाला, आणि जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं घराघरांत गेली. लग्नात जावयाला एचएमटी हे ठरलेलंच. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. बाहेरच्या संग्राहकांना हे घड्याळ का आवडतं? रोज चावी द्यायची, आत बॅटरी नाही, मशीन साधं आणि दणकट, किंमत स्विस घड्याळाच्या कितीतरी खाली. तुमच्याकडे घड्याळं नसतील तर घरात, गल्लीत, ओळखीच्या दुकानात काय पडून आहे ते बघा. शाईची पेनं, टपाल तिकिटं, काडेपेटीची लेबलं, पितळी अडकित्ते, काहीही चालेल. अट एकच, त्या वस्तूतलं तुम्हाला कळलं पाहिजे. न कळणारा माल लिलावात टाकला की पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी एक कायदा आधी समजून घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक किंवा कलात्मक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. व्हिक्टोरिया राणीचा रुपया आजीच्या डब्यात सापडला, तरी तो ईबेवर टाकायचा नसतो. आमच्या ड्रॉवरमध्ये वेस्ट एंड वॉच कंपनीचं एक जुनं घड्याळ आहे. अण्णांच्या अंदाजाने ते पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. त्यासाठी मला दोनदा चांगली मागणी आली. ते ड्रॉवरमध्येच आहे. वस्तू शंभरच्या आतली आहे की बाहेरची याची शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घेता येतो. तेवढी दगदग करण्याजोगी किंमत नसेल तर सोडून द्या. हस्तिदंत, मोरपीस, वन्य प्राण्यांपासून बनवलेलं काहीही नको. शिसवीच्या वस्तूंनाही आंतरराष्ट्रीय परवान्यांचं लचांड आहे. घड्याळवाल्यांसाठी आणखी एक: अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो. किरणोत्सारी वस्तू टपालात चालत नाही. तशी डायल खरवडायच्याही भानगडीत पडू नका, ती पूड श्वासात जाणं वाईट.

कागद

निर्यात म्हटलं की लोक घाबरतात. प्रत्यक्षात सुरुवातीला लागतो तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये, आणि क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. तो दर वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत तिथे जाऊन 'अद्ययावत' करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो. मी मोबाइलमध्ये अक्षय तृतीयेची आठवण लावून ठेवली आहे. सण चुकत नाही, त्यामुळे हेही चुकत नाही.

माझी पहिली ठेच इथेच. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. तीन आठवडे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. बायांनो, खातं उघडण्याआधी पॅन, बँक, आधार आणि आयईसी ही चारही नावं शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा.

परदेशातले पैसे थेट बँकेत येत नाहीत. ईबे ते पेओनिअर या पैसे पोचवणाऱ्या कंपनीतल्या आपल्या खात्यात टाकतं, तिथून रुपये होऊन आपल्या बँकेत उतरतात. प्रत्येक जमेमागे परकीय चलन आल्याचा दाखला मिळतो. तो महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवा, वर्षअखेरीस शोधत बसू नका. जीएसटीचं म्हणाल तर निर्यातीवर कर शून्य असतो. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की कर न भरता माल पाठवता येतो. नोंदणी तुम्हाला लागते की नाही, हे मात्र चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. नात्यातल्या हुशार माणसाला नको. मी विचारलं होतं.

विकण्याआधी विकत घ्या

नव्या खात्याला ईबे थोड्याच वस्तू विकू देतं, मर्यादा हळूहळू वाढते. त्याची घाई नको. आधी दोन-तीन स्वस्त वस्तू स्वतः लिलावात घ्या. मी अण्णांसाठी इंग्लंडहून जुने काटे घेतले होते. बोली लावताना पोटात काय होतं, शेवटच्या मिनिटाला दुसऱ्याने उडी मारली की कसं वाटतं, पाकीट उशिरा आलं की मन किती साशंक होतं, हे एकदा अनुभवलं की विकताना गिऱ्हाइकाचं बोलणं कळतं. शिवाय तुमच्या नावावर चार बरे अभिप्राय जमा होतात.

मग किंमत. लोक चालू जाहिरातींतल्या किमती बघतात आणि हरखून जातात. एखाद्याने एचएमटी जनताला दीडशे डॉलर लावलेले असतात. लावायला काय जातं? शोधताना 'विकले गेले' ही चाळणी लावा. मागच्या तीन महिन्यांत खरोखर कशाला किती मिळाले ते दिसतं. तिथे किंमत बघाच, आणि किती बोल्या पडल्या तेही बघा.

कारण लिलावाला निदान दोन माणसं लागतात. एकच गिऱ्हाईक आलं तर तुमची पहिली बोली हीच तुमची किंमत. यंत्रणा अशी चालते: गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम गुपचूप लिहून ठेवतो आणि ईबे त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवतं. एकाने चाळीस लिहिले, दुसऱ्याने बावन्न, तर घड्याळ बावन्नला जात नाही, एक्केचाळीसला जातं, कारण पंचवीस ते शंभर डॉलरच्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने वाढते. म्हणजे तुमची किंमत ठरवतो तो हरलेला माणूस. हे लक्षात आलं की कोणता माल लिलावात टाकायचा ते आपोआप कळतं. साधी पांढऱ्या डायलची जनता मी ठरलेल्या किमतीला लावते, 'ऑफर द्या' हा पर्याय उघडा ठेवून. तिला घाई नसते. न वापरलेलं, डबीसकट सापडलेलं घड्याळ, आंधळ्या माणसांसाठी बनवलेलं ब्रेल घड्याळ, ज्याची किंमत मला नीट माहीत नाही पण जगात दोघा-तिघांना नक्की माहीत आहे, ते लिलावात.

पहिला लिलाव मी नव्याण्णव सेंटपासून सुरू केला होता. कुणीतरी सांगितलं होतं, खाली सुरू करा, गर्दी होते. गर्दी झाली नाही. साडेसहा डॉलरला जनता गेली. रद्द करावं असं मनात आलं; अण्णा म्हणाले, 'तोंडातून गेलेली बोली आहे, पाठव.' पाठवली. पदरचे पैसे घालून.

आता हिशेब असा करते. एक पायलट घ्या. घड्याळ, नवी काच, पट्टा, अण्णांचं सर्व्हिसिंग मिळून १,६०० रुपये. टपाल आणि पॅकिंगचे पंधरा डॉलर मी गिऱ्हाइकाकडून वेगळे घेते. पण ईबे आपली फी टपालासकट एकूण रकमेवर लावतं, हे नवखे विसरतात. फी, चलन बदलण्याचा तोटा, एखादं परत आलेलं घड्याळ असं सगळं धरून मी एकूण रकमेचा पाचवा हिस्सा गेला असं समजते. डॉलर ८५ धरला, तर अठ्ठावीसला बोली सुटली की माझा खर्च जेमतेम निघतो. म्हणून अठ्ठावीसपासून सुरुवात. वर सांगितलेलं एक्केचाळीसचं उदाहरण खरंच घडलेलं आहे. ४१ अधिक १५, ५६ डॉलर. पाचवा हिस्सा वजा, ४४.८०, टपालाचे पंधरा वजा, २९.८०. रुपयांत २,५३३. त्यातून सोळाशे गेले, हातात नऊशे तेहतीस. आठवड्याला अशी चार गेली तर अण्णांच्या औषधाचं भागतं. श्रीमंत व्हायला कुणी येणार असेल तर हा धंदा नव्हे.

मुंबई स्पेशल

घड्याळांच्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' हा एक शब्द आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी केस (घड्याळाची बाहेरची डबी), कुठलंसं मशीन, आणि वर भडक रंगाने नव्याने छापलेली डायल. नारिंगी, जांभळी, कंपनीने कधी न काढलेली. असा माल भारतातून इतका गेला आहे की वस्तू 'भारतातून' आहे म्हटल्यावर जाणकार गिऱ्हाईक आधी संशयानेच बघतं. तुम्ही घड्याळं विकत नसाल तरी तुमच्या मालाचा असा एखादा मुंबई स्पेशल असणारच: नव्या पितळेला आम्ल लावून जुनी केलेली मूर्ती, पुन्हा गोंद लावलेलं तिकीट. तो कोणता ते शोधा. गिऱ्हाईक मनातल्या मनात तोच प्रश्न विचारत असतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. दुसऱ्याच वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक काळी पायलट आणली. रविवारची गर्दी, घाई, घड्याळ चालू. अण्णांना न दाखवता फोटो काढले आणि वर्णनात 'मूळ डायल' असं लिहिलं. ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकाने चार ओळींचं पत्र पाठवलं, रागावून नाही, शिक्षकासारखं: अक्षरांच्या कडा बघा, सहाच्या आकड्याजवळची खूण बघा, काट्याच्या भोकात रंग उतरलाय तो बघा. अण्णांनी आयग्लास लावली आणि नुसतं 'हं' केलं. डायल रंगवलेली होती. पैसे परत, जायचं टपाल गेलं, यायचं टपालही माझ्याच माथी. तेव्हापासून अण्णांच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय एकही घड्याळ फोटोच्या टेबलावर येत नाही. देवनागरी आकड्यांच्या डायलना बाहेर मोठी मागणी आहे, आणि म्हणूनच रंगवलेल्या देवनागरी डायलही बाजारात फार. अशी डायल मी विकते, पण शीर्षकातच 'डायल पुन्हा रंगवलेली' असं लिहून. विकली जाते. कमी पैशांत, पण परत येत नाही.

म्हणून माझ्या फोटोंचा क्रम ठरलेला आहे. पहिला समोरून, डायल सरळ, खिडकीच्या उजेडात, सकाळी नऊच्या आत. फ्लॅश मारला की काचेवर चांदणं पडतं. दुसरा मागचं झाकण उघडून आतलं मशीन. हा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि निम्मे विक्रेते तोच देत नाहीत. झाकण उघडायचं अवजार शे-दोनशे रुपयांत मिळतं. मग झाकणाची आतली बाजू, चावी, कडेचे चरे, पट्टा लावायच्या कानांमागची झीज. मग दोष: प्रत्येक दोषाचा वेगळा फोटो, जवळून, बोट किंवा काडी दाखवून. चोवीस फोटो टाकता येतात, मी चौदा-पंधरा टाकते. हात दिसला तर दिसू द्या. हातावर मेंदी असलेला एक फोटो होता, त्या घड्याळाबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न आले. घड्याळाबद्दल कमी, मेंदीबद्दल जास्त.

वर्णन इंग्रजीत लिहायचं, पण इंग्रजीचा बाऊ नको. छोटी वाक्यं. पहिल्या ओळीत खोट: काचेवर चरा, चावी बदललेली, दिवसाला चाळीस सेकंद पुढे पळतं. मग काय केलं ते: मशीन खोललं, धुतलं, तेल दिलं. मग माप, चावी सोडून मिलिमीटरमध्ये, कारण बाहेरच्या गिऱ्हाइकाचं मनगट आणि आपलं मनगट यात फरक आहे. 'दुर्मीळ', 'अप्रतिम', 'बघाच' हे शब्द वापरू नका. शीर्षकाला ऐंशी अक्षरं मिळतात आणि शोध त्यावरच चालतो. तिथे कंपनी, मॉडेल, चावीचं की ऑटोमॅटिक, ज्वेल्स (मशीनमधले खडे) किती, डायलचा रंग, माप, एवढंच.

सोमवारी पहाटे

लिलाव कधी संपतो यावर बरंच अवलंबून असतं, कारण खऱ्या बोल्या शेवटच्या दहा सेकंदांत पडतात. गिऱ्हाईक तेव्हा घरी, जेवून, मोकळं बसलेलं हवं. अमेरिकेसाठी रविवारची संध्याकाळ उत्तम. उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला संपणारा लिलाव कॅलिफोर्नियात रविवारी सहाला आणि न्यूयॉर्कमध्ये रात्री नऊला संपतो. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासाने मागे जातात, तेव्हा साडेसात. ब्रिटनसाठी हीच वेळ घातली तर तिथे रात्रीचे दोन. त्यांच्यासाठी रविवार-सोमवारमधली आपली मध्यरात्र, साडेबारा. मुदत मी नेहमी सात दिवस ठेवते, मग त्यात एक अख्खा शनिवार-रविवार येतोच.

सहा दिवस काही हलणार नाही. अठ्ठावीसवर एक बोली, आणि पंधरा जण नुसतं 'लक्ष ठेवून'. नवखे घाबरून लिलाव मध्येच थांबवतात. थांबवू नका. आमच्याकडे सोमवारी सहाला चहा टाकला जातो, अण्णा स्वेटर घालून शेजारी बसतात आणि दर मिनिटाला विचारतात, 'वाढली का?'

या काळात संदेश येतात. 'लिलाव बंद कर, तुला बाहेरून पन्नास देतो.' नाही म्हणा; बाहेरच्या व्यवहारात काही झालं तर दाद मागायला जागा नाही. 'पार्सलवर भेटवस्तू लिही, किंमत दहा डॉलर टाक.' नाही म्हणा. कस्टम्सच्या घोषणापत्रावर सही तुमची असते. पैसे भरल्यावर 'दुसऱ्या पत्त्यावर पाठव' म्हणाला, तर व्यवहार रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा घ्यायला सांगा. जिंकलेल्याने चार दिवसांत पैसे भरले नाहीत तर व्यवहार रद्द करता येतो, आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला त्याच्याच बोलीवर वस्तू देऊ करता येते. तो बहुतेक वेळा घेतो.

सीमा आणि टपाल

कुठे पाठवायचं, हे आता मालाइतकंच महत्त्वाचं झालंय. पूर्वी अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात नव्हती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत गेली. त्याच्या चार दिवस आधीपासून आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. आता जकात पाठवणाऱ्याने इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची. माझे तेव्हा दोन लिलाव अमेरिकेसाठी चालू होते. बातमी मी वाचलेली नव्हती. दोघांना पैसे परत केले, क्षमा मागितली, एकाने दिवाळीनंतर तेच घड्याळ पुन्हा घेतलं. हे दर राजकारणाबरोबर हलतात. म्हणून अमेरिकेचा लिलाव लावण्याआधी मी त्या आठवड्याचा दर पोस्टात विचारते आणि मगच टपालखर्च लिहिते.

युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून सुरक्षिततेचा नवा नियम आहे: तिथे विकणाऱ्याचा एक जबाबदार प्रतिनिधी तिथेच असावा लागतो. माझ्यासारखीला तो परवडत नाही. म्हणून संघातले देश आणि उत्तर आयर्लंड मी सरळ वगळून टाकले आहेत. बाकी ब्रिटनला १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर २० टक्के व्हॅट आणि ऑस्ट्रेलियाला हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत १० टक्के जीएसटी ईबेच गिऱ्हाइकाकडून घेऊन तिकडे भरतं. ऑर्डरच्या तपशिलात त्याचा नोंदणी क्रमांक येतो. तो पार्सलच्या कागदावर टाका, नाहीतर गिऱ्हाइकाकडून दारात पुन्हा कर मागितला जातो आणि शिव्या आपल्याला बसतात.

टपालासाठी डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर खातं काढा. तिथे आयईसी, वस्तूचं नाव, किंमत आणि एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक (साध्या मनगटी घड्याळांसाठी ९१०२ ने सुरू होणारा) भरला की टपालाचं निर्यात बिल आणि लेबल तयार होतं. छापायचं, चिकटवायचं, पोस्टात द्यायचं. हलक्या मालाला इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट स्वस्त पडतं, महागाच्या घड्याळाला स्पीड पोस्ट. ट्रॅकिंगशिवाय काहीही पाठवू नका: 'मिळालं नाही' म्हणणाऱ्यासमोर तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. काही देशांचं टपाल घड्याळं घेतच नाही, ती यादीही आधी बघा.

पॅकिंगची युक्ती अण्णांची. वायरिंगच्या जाड पीव्हीसी पाइपचा चार इंचाचा तुकडा, त्यात फोममध्ये गुंडाळलेलं घड्याळ, दोन्ही तोंडांना फोमची बुचं, वर बबल, मग खोका. खोक्यावर कुणी उभं राहिलं तरी काच वाचते. गवत, पेंढा, लाकडाचा भुसा वापरू नका. ऑस्ट्रेलियाची तपासणी फार कडक. रद्दी मात्र चालते. एकदा लीड्सच्या गिऱ्हाइकाने खोक्यातल्या मराठी पेपराचा फोटो पाठवून विचारलं, यात काय लिहिलंय? बघितलं तर 'वधू पाहिजे'. मी भाषांतर करून पाठवलं, पगारासकट. त्याने तेव्हापासून माझ्याकडून तीन घड्याळं घेतली आहेत.

पार्सल पोचायला दोन ते चार आठवडे धरा आणि तसंच लिहा. लवकर पोचलं तर गिऱ्हाईक खूश. पोचल्यावर घड्याळ बंद पडल्याची तक्रार आली तर आधी एवढंच विचारा: चावी किती वेळा फिरवली? बॅटरीवर वाढलेल्या माणसांना घड्याळाला रोज चावी द्यायची असते हे माहीत नसतं. माझ्या निम्म्या तक्रारी या एका प्रश्नावर मिटल्या. आता खोक्यात मी एक चिठ्ठी घालते, अण्णांनी काढलेल्या चित्राची: चावी, बाण, आणि खाली 'रोज सकाळी, पंचवीस वेळा'.